परक्याचें गाणें, आपला गळा

दुसऱ्यानें गाऊन नांवारूपास आणलेलें गाणें आपण पुन्हां गावें कीं नाहीं, आणि गावें तर तें कसें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ गवयांचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर तो घरोघरचा आहे असें दिसून येईल. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत आजोबांना एखादें जुनें नाट्यपद जसेंच्या तसें ऐकावयाचें असतें, आणि नातीला तेंच पद गिटार घेऊन आपल्या पद्धतीनें म्हणावयाचें असतें. आजोबा म्हणतात, "ही त्या पदाची विटंबना आहे." नात म्हणते, "तबकडीसारखेंच गायचें असेल, तर तबकडीच लावा ना!" दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद जेवणाच्या पानावरून उठल्यावरही मिटत नाहीं. यांत आजोबांचा हट्ट किंवा नातीचा अवखळपणा एवढीच गोष्ट नाहीं. जुनें गाणें पुढच्या पिढीच्या गळ्यांत उतरलें नाहीं तर तें मरतें, आणि वाटेल तसें उतरलें तरीही मरतें. तेव्हां प्रश्न त्या गाण्याच्या आयुष्याचा आहे. या प्रश्नाचें एक फार चांगलें उत्तर मराठी संगीताच्या इतिहासांत मिळतें. परंतु तेथें जाण्यापूर्वीं एक दूरदेशचें उदाहरण पाहणें सोयीचें होईल.

फ्रेंच भाषेंत गाण्याला 'शाँसाँ' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'गाणें' एवढाच. तथापि आज जगभर हा शब्द एका विशिष्ट जातीच्या गाण्याला लावण्यांत येतो. या गाण्यांत शब्द हा यजमान, चाल ही त्याची सहचारिणी, आणि गाणारा हा अर्धाअधिक नट असतो. तीन-चार मिनिटांच्या अवधींत तो एका माणसाची सबंध कर्मकथा श्रोत्यांपुढें उभी करतो. एदित पियाफ (१९१५–१९६३) ही या परंपरेंतील सर्वांत नांवाजलेली गायिका. पॅरिसच्या रस्त्यांवर गातां गातां ती मोठमोठ्या नाट्यगृहांपर्यंत पोहोंचली, आणि तिच्या आवाजांतील आर्तता हीच फ्रान्सच्या गाण्याची ओळख होऊन बसली. तिच्या मृत्यूला पन्नास वर्षें होण्याच्या सुमारास, म्हणजे २०१२ सालीं, पात्रिसिया कास या लोकप्रिय फ्रेंच गायिकेनें पियाफचींच गाणीं पुन्हां गाऊन त्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. वाद्यमेळाची रचना आबेल कोझेनिओव्स्की या पोलंडच्या संगीतकारानें नव्यानें केली. अशा पुनर्गीत गाण्यांना हल्लीं 'कव्हर' म्हणण्याचा प्रघात आहे.

कव्हर म्हणजे मूळ गाण्यावर घातलेली खोळ, असा कोणाचा समज होईल. परंतु कधीं कधीं खोळींतून निराळीच वस्तू बाहेर पडते. १९६७ सालीं क्लोद फ्रांस्वा यानें एक फ्रेंच गाणें गाइलें. त्याच्या नांवाचा अर्थ 'नेहमींप्रमाणें'. ज्यांच्यांतील प्रेम आटून गेलें आहे आणि केवळ संवयीनें जे एका घरांत राहतात, अशा जोडप्याच्या रोजच्या दिवसाचें तें वर्णन होतें. पॉल अँका या गायकानें ती चाल घेतली, मूळचे शब्द बाजूला ठेविले, आणि तिच्यावर नवे इंग्रजी शब्द बसविले. तें गाणें फ्रँक सिनात्रा याच्या आवाजांत १९६९ सालीं प्रसिद्ध झालें; त्यांत आयुष्याच्या उतारावर उभा असलेला एक मानी पुरुष 'मीं माझ्याच वाटेनें चाललों' असें ताठ मानेनें सांगतो. चाल तीच, पण एका घरांतली उदासी दुसऱ्या घरीं जाऊन अभिमान झाली. मूळ फ्रेंच गाणें पुष्कळांना ठाऊकही नाहीं. इंग्रजी मात्र जगभर झालें.

शाँसाँचीं जीं लक्षणें वर सांगितलीं, तीं वाचतांना मराठी वाचकाला आपलें नाट्यपद आठवलें नाहीं तरच नवल. तेथेंही शब्द प्रधान, गाणारा पात्राच्या भूमिकेंत, आणि पद कथेच्या ओघांतून आलेलें. आणि आपलें नाट्यपद जन्मलें तेंच मुळीं परक्या चालींच्या कुशींत! अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्या नाटकांत व त्याच्या मागून आलेल्या नाटकांत साक्या, दिंड्या, ओव्या यांच्या जोडीला कानडी गाण्यांच्या, लावण्यांच्या आणि हिंदुस्थानी चिजांच्या चाली घेतलेल्या आहेत. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, आणि 'स्वयंवर' (१९१६) नाटकाच्या भास्करबुवा बखले यांनीं. उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग व रागदारी चिजांचें सौंदर्य यांच्या योगानेंच या पदांना तें अलौकिक तेज चढलें.

येथें एक गोष्ट मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेंत अजून असतील. त्या उघडून पाहाव्या. पुष्कळ पदांच्या डोक्यावर 'चाल' हा शब्द, आणि त्यापुढें ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे आरंभींचे शब्द छापलेले आढळतील. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी म्हणून डोक्यावर घेतों, तें एका अर्थानें परक्याचेंच गाणें होतें. परंतु त्यांत लपवाछपवी नव्हती. कोणाकडून काय घेतलें हें कवीनें पदाच्या माथ्यावर लिहून ठेविलें, आणि मग त्यांत स्वतःचें काय ओतलें हें रसिकांच्या निर्णयावर सोंपविलें. ऋण मान्य केल्यानें त्या पदांची थोरवी तिळमात्र कमी झाली नाहीं.

घेण्याघेण्यांत फरक असतो, आणि तो फरक आपल्या पूर्वजांनीं हजार वर्षांपूर्वीं फार बारकाईनें सांगून ठेविला आहे. नवव्या शतकांत काश्मीरांत आनंदवर्धनाचार्यांनीं 'ध्वन्यालोक' ग्रंथाच्या चौथ्या उद्द्योतांत दोन कवींच्या उक्तींमधील साम्याचे तीन प्रकार केले: प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन देहधारी माणसांमध्यें असतें तसें. पुढें राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त या तिहींत चौथ्याची भर घातली. हा राजशेखर आपल्याला परका नव्हे. काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह त्यानें विदर्भांतल्या वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आजच्या वाशिमांत, लावून दिला आहे! दुसऱ्याचें घेण्याच्या बाबतींत तो मोठा मोकळ्या मनाचा आहे. कवी आणि व्यापारी यांत अगदींच चोर नाहीं असा कोणी सांपडावयाचा नाहीं, अशी थट्टाही तो करतो. परंतु थट्टेनंतर तो जें वर्गीकरण देतो तें काव्याप्रमाणें गाण्यासही उत्तम लागू पडतें.

पहिला प्रकार 'प्रतिबिंबकल्प'. आरशांतल्या प्रतिमेंत नाक-डोळे जसेच्या तसे असतात, पण तिच्यांत प्राण नसतो. एखाद्या थोर गायकाची हरकत न् हरकत, त्याचा खोकलासुद्धां, गळ्यांतून काढून दाखविणारी नक्कल ती ही. दुसरा 'आलेख्यप्रख्य', म्हणजे चित्रासारखा. वस्तु तीच, फक्त थोडी रंगसफेती केल्यामुळें निराळी भासते. जुन्या गाण्यामागें नवीं वाद्यें वाजविलीं, लय थोडी चढविली, आणि गाणें होतें तसेंच ठेविलें, तर तें या सदरांत येईल. तिसरा 'तुल्यदेहितुल्य', दोन भाऊ तोंडावळ्यानें सारखे, पण त्यांचे आत्मे वेगळे. 'नेहमींप्रमाणें' या फ्रेंच गाण्याचें आणि सिनात्राच्या इंग्रजी गाण्याचें नातें हें असें आहे. आणि चौथा 'परपुरप्रवेशसदृश'. त्यांत मूळ वस्तु एकच राहते, परंतु तिच्याभोंवतालची सर्व मांडणी अशी काहीं नवी होते कीं, एकाच्या देहांत दुसऱ्यानें प्रवेश करावा तसा चमत्कार वाटतो. हा प्रकार चांगल्या कवींनीं हातीं घ्यावा, असें राजशेखराचें मत आहे.

आमच्या भंडाऱ्याच्या मंडळींना हा शेवटचा भेद समजावून सांगण्यास शास्त्राची गरज नाहीं. पितळी भांड्यांसाठीं आमचें गांव पूर्वींपासून प्रसिद्ध. घरांतलें जुनें भांडें काळवंडलें तर त्याला कल्हई करतात. तें चकाकतें, पण त्याचे पोंचे तसेच राहतात. आणि भांडें अगदींच निकामी झालें तर त्याची मोड देतात. ती वितळते आणि तिचें नवें भांडें होतें. पितळ आजीच्या लग्नांतलेंच, घाट मात्र आजचा. परक्या गाण्याला कल्हई करणारे पुष्कळ. तें आपल्या भट्टींत घालून पुन्हां ओतण्याची हिंमत असलेले थोडे.

अशी हिंमत ज्यांनीं दाखविली त्यांत आपल्याकडे पहिलें नांव घ्यावयाचें तें कुमार गंधर्वांचें. त्यांनीं बालगंधर्वांचीं पदें मैफिलींत गाइलीं. पुढें त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली, आणि त्या उपक्रमाला त्यांनीं नांव दिलें 'मला उमजलेले बालगंधर्व'. एका गायकानें दुसऱ्या गायकाच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह करावा, या गोष्टीचें याहून सरस उदाहरण मराठींत तरी मला दिसत नाहीं.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७). १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत शकुंतलेच्या भूमिकेंत ते उभे राहिले, १९१३ सालीं त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका त्यांच्या रूपानें महाराष्ट्राच्या घराघरांत वावरूं लागल्या. साथीस ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांसारख्या बिनजोड वादकाचा तबला, अंगावर भरजरी शालू, आणि गळ्यांतून ओघळणारा तो लडिवाळ, अखंड, विनवणीचा स्वर. या सर्वांचा मिळून जो संस्कार झाला तोच लोकांच्या मनांत 'बालगंधर्वांचें गाणें' म्हणून ठसला. त्यांतून शालू वेगळा काढतां येत नव्हता, तसा स्वरही. साहजिकच त्यांच्या मागून आलेल्या बहुतेकांनीं त्यांचें अनुकरण केलें, आणि अनुकरण जितकें हुबेहूब तितकी टाळी अधिक.

कुमार गंधर्वांना असें अनुकरण सहज साधलें असतें, ही येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हें त्यांचें मूळ नांव. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजीं बेळगांवजवळील सुळेभावी येथें. अगदीं लहानपणींच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तें गाणें ते जसेंच्या तसें म्हणून दाखवीत, आणि सभेंत बसलेले जाणते लोक तोंडांत बोटें घालीत. 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली ती त्याच वयांत. म्हणजे प्रतिबिंबाची कला त्यांना जन्मतःच वश होती. पुढें मुंबईस प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याजवळ त्यांचें रीतसर शिक्षण झालें. देवधरांची दृष्टि एका घराण्यापुरती बांधलेली नव्हती. नाना तऱ्हेचें गाणें तेथें कानांवर पडे, आणि त्यावर विचार करण्याची संवय लागे.

तारुण्याच्या भरांत त्यांना क्षयानें गांठलें. १९४८ च्या सुमारास हवापालटासाठीं ते माळव्यांत देवास येथें गेले, आणि पुढें कित्येक वर्षें गाणें वर्ज्य झालें. ज्याचा श्वास म्हणजे गाणें त्याला नुसतें ऐकत पडून राहावें लागलें. त्या काळांत त्यांनीं माळव्यांतील बायकांचीं लोकगीतें ऐकलीं, स्वर कोठून निघतो आणि कोठें जातो याचें चिंतन केलें. क्षयावरील नव्या औषधानें प्रकृति सुधारल्यावर १९५३ च्या सुमारास ते पुन्हां गाऊं लागले, तेव्हां त्यांचें गाणें ओळखूं न येण्याइतकें बदललें होतें. लांब दमाच्या फेकीच्या जागीं लहान, टोकदार स्वरवाक्यें आलीं. मोठा स्वर आणि हळुवार स्वर यांचा खेळ आला. मध्येंच सोडलेली स्तब्धताही बोलूं लागली.

असा हा गायक जेव्हां बालगंधर्वांच्या पदांकडे वळला, तेव्हां त्यानें काय केलें? शालू नाहीं, रंगमंच नाहीं, ऑर्गन नाहीं; दोन सुरेल तंबोऱ्यांमध्यें एक पुरुष बसला, आणि रुक्मिणीचें पद आपल्या आवाजांत गाऊं लागला. बालगंधर्वांच्या स्वराची लाडिक ओढ त्यानें उचलली नाहीं. पद कोठें थांबतें, कोणता शब्द रागाच्या कोणत्या स्वरावर विसांवतो, आणि तेथेंच कां, हें त्यानें पाहिलें. आणि जें दिसलें तें गाइलें. ज्यांच्या कानांत मूळ गाणें घट्ट बसलें होतें अशा कांहीं रसिकांना तें रुचलें नाहीं. त्यांना शालू हवा होता, आणि तो हवा असण्यांत गैर कांहींच नव्हतें. परंतु ज्यांनीं बालगंधर्वांना रंगभूमीवर कधींच पाहिलें नाहीं, अशा मागून आलेल्या पिढ्यांना त्या पदांतील रचनेचें सौंदर्य भूमिकेच्या आवरणावांचून, केवळ गाणें म्हणून, दिसूं शकलें. राजशेखरानें सांगितलेला परपुरप्रवेश तो हाच.

आतां त्या नांवाकडे पुन्हां एकदां पाहूं. 'मला उमजलेले बालगंधर्व' या तीन शब्दांतला प्रत्येक शब्द तोलून घेतलेला आहे. 'बालगंधर्व' या शब्दानें ऋण मान्य केलें; हें गाणें मुळांत कोणाचें, याविषयीं शंका ठेविली नाहीं. 'मला' या शब्दानें मर्यादा सांगितली. हे सर्वांचे बालगंधर्व नव्हेत, माझे आहेत, आणि तुमचे निराळे असूं शकतील. आणि 'उमजलेले' या शब्दानें अधिकार सांगितला. मराठींत 'समजणें' आणि 'उमजणें' हे शब्द आपण जोडीनें वापरतों, पण त्यांत भेद आहे. एखादी गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगतां येते. उमजावून सांगतां येत नाहीं. ती ज्याची त्यालाच, आंतून, आपल्या वेळीं उमजावी लागते. संवाद सादर करणाऱ्या नटाला, भाष्य लिहिणाऱ्या पंडिताला आणि परक्याचें गाणें गाणाऱ्या गायकाला जी एकच कसोटी लावतां येईल, ती या शब्दांत आली आहे.

याच कसोटीला आणखी दोन मराठी गायिकांचे संग्रह लावून पाहण्यासारखे आहेत. दोघी सख्ख्या बहिणी. लता मंगेशकरांनीं १९९२ सालीं 'श्रद्धांजली' नांवाचा संग्रह काढला. त्यांत कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, महंमद रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार, गीता दत्त अशा दिवंगत गायकांचीं गाणीं त्यांनीं स्वतः गाइलीं. सैगल १९४७ च्या जानेवारींत वारले, आणि त्यांच्यासमवेत गाण्याचा योग लताबाईंना कधींच आला नव्हता. तो योग या संग्रहांत अशा रीतीनें जुळून आला. त्यांतलीं पुष्कळ गाणीं पुरुषांच्या आवाजासाठीं बांधलेलीं. तीं स्त्रीच्या गळ्यांत आलीं कीं त्यांची पट्टी बदलते, आणि पट्टीबरोबर भावही थोडा हलतो. मात्र येथें गायिकेचा हेतु मूळ गाण्याला नवा देह देण्याचा नसून त्याच्यापुढें फूल ठेवण्याचा आहे. नांवच तसें सांगतें. चित्रासारखें साम्य म्हणून शास्त्रानें त्याला खालचें स्थान दिलें, तरी श्रद्धेनें काढलेल्या चित्राला आपण देवघरांत जागा देतोंच.

आशा भोसले यांनीं २००५ सालीं याच्या अगदीं उलट टोंकाचा प्रयोग केला. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनॉस नांवाच्या चार तंतुवादकांच्या संचाबरोबर त्यांनीं राहुलदेव बर्मन यांचीं चित्रपटगीतें नव्यानें गाइलीं. तबल्यास झाकीर हुसेन होते, आणि पीपा हें चिनी तंतुवाद्य वू मान या बाईंनीं वाजविलें. त्या संग्रहाला ग्रॅमी पारितोषिकासाठीं नामांकन मिळालें. विशेष हें कीं, यांतलीं कांहीं गाणीं त्यांचीं स्वतःचींच होतीं. वयाच्या एकाहत्तराव्या-बहात्तराव्या वर्षीं, तरुणपणीं गाइलेलें गाणें पुन्हां गाणें, हें सुद्धां एक प्रकारें परक्याचेंच गाणें गाणें होय. कारण मधल्या काळांत गाणारी बदललेली असते.

थोरांचीं उदाहरणें झालीं. आतां आपल्या अंगणांत येऊं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला आम्ही झाडी म्हणतों. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते; दंडार होते, खडी गंमत होते, आणि रात्रभर नाटक चालतें. साकोली-लाखांदुराकडे थंडीच्या रात्रीं घोंगडीं पांघरून उजाडेपर्यंत नाटक पाहणारे प्रेक्षक ज्यांनीं पाहिले नाहींत, त्यांना या हौसेची कल्पना यावयाची नाहीं. या रंगभूमीला थोडी तरी राजमान्यता लाभली ती २०२३ सालीं, झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हां. या नाटकांत गाणें नाहीं असें होत नाहीं, आणि तें गाणें पुष्कळदां परक्याचेंच असतें. कधीं नाट्यपदाची चाल, कधीं चित्रपटाची, कधीं लावणीची. शहरांतला मनुष्य त्याला नक्कल म्हणून नाक मुरडील. परंतु शेतावरून आलेला गायक जेव्हां ती चाल आपल्या झाडीबोलीच्या हेलांत, समोरच्या चार-पांच हजारांच्या जमावाला ऐकूं जाईल अशा खड्या आवाजांत घेतो, तेव्हां ती चाल पुण्या-मुंबईची राहत नाहीं. तिला वैनगंगेचें पाणी लागलेलें असतें. तीच चाल मोबाइलवरच्या मुद्रणाशीं तंतोतंत जुळविण्याची धडपड त्यानें केली, कीं मात्र ती पुन्हां परकी होते आणि तोही उपरा दिसूं लागतो. आमच्याकडील तरुण गायकांना या धडपडीचा मोह हल्लीं फार होतो, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

घरांतल्या मुलामुलींना आपलें गाणें ध्वनिमुद्रित करून विकण्याची इच्छा झाली, तर कायदाही थोडासा ठाऊक असावा. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली, आणि अशा पुनर्गीत मुद्रणांसाठीं स्वतंत्र कलम आलें. मूळ गाण्याचें पहिलें मुद्रण ज्या वर्षीं झालें तें वर्ष संपल्यापासून पांच वर्षें पूर्ण होईपर्यंत असें मुद्रण करतां येत नाहीं. आधीं सूचना द्यावी लागते, आणि मूळ हक्कदारांना दर वर्षीं निदान पन्नास हजार प्रतींचें मानधन आगाऊ भरावें लागतें. वेष्टनावर मूळ गायकाचें नांव किंवा चित्र घालून लोकांची दिशाभूल करतां येत नाहीं, आणि हें पुनर्गीत आहे असें स्पष्ट छापावें लागतें. ही शेवटची अट वाचतांना नाट्यपदांच्या डोक्यावरचा तो 'चाल' शब्द आठवतो. कायद्यानें जें आतां सक्तीनें मागितलें तें आपले नाटककार सव्वाशें वर्षांपूर्वीं खुषीनें करीत होते. शिवाय कवीच्या हक्काची मुदत त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें असते. खाडिलकर १९४८ सालीं वारले. तेव्हां त्यांच्या शब्दांवरील हक्क २००८ च्या अखेरीस संपला, आणि 'स्वयंवरां'तील पदांचे शब्द आतां सर्वांचे आहेत. सर्वांचे झाले म्हणजे त्यांना जपण्याचें कामही सर्वांवर आलें.

तर मग आजोबांनीं आणि नातीनें करावें काय? शाळेंत आम्ही मुलांना कित्ता गिरवावयास देत असूं. आरंभीं अक्षर जितकें कित्त्यासारखें तितकें चांगलें; परंतु मॅट्रिकच्या वर्गांतला मुलगा जर कित्त्यासारखेंच अक्षर काढूं लागला, तर तें सुंदर दिसलें तरी त्याचें नव्हे. गाण्याचेंही तसेंच आहे. नातीनें प्रथम मूळ गाणें पुष्कळ दिवस, पुष्कळ वेळां ऐकावें. तें हुबेहूब बसेपर्यंत गिरवावें. पदाचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, नाटकांत तें कोण कोणाला म्हणतें, हें आजोबांकडून विचारून घ्यावें. कुमार गंधर्वांसारख्यालाही प्रतिबिंबाची पायरी चुकली नाहीं, मग आपली काय कथा! आणि आजोबांनीं, ती पायरी झाल्यावर, नातीला पुढें जाऊं द्यावें. गिटारीला हरकत घेण्याऐवजीं तिला एवढेंच विचारावें कीं, "बाई, हें पद तूं असें कां म्हटलेंस?" तिच्यापाशीं त्याचें उत्तर असेल तर तें पद तिला उमजलें आहे असें समजावें, मग तें आपल्या कानाला गोड लागो वा न लागो. उत्तर नसेल तर तिला पुन्हां मूळ गाण्याकडे धाडावें.

संध्याकाळीं दिवेलागण झाल्यावर अर्धा तास जर घरोघर हा क्रम चालूं राहिला, तर तबकड्या झिजल्या, नाट्यगृहें ओस पडलीं, तरी आपलीं गाणीं मरणार नाहींत. तीं ज्याची त्याच्या गळ्यांत निराळीं होतील, आणि कोणाचीं म्हणून विचारलें असतां मुलें मूळ धन्याचें नांव आदरानें सांगतील. गाण्याच्या वारशाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचें कारण नाहीं.